उभी पेन्सिल

गणिताचा पोर्शन मागे पडला की गणिताचे सर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात आणि हातानेच ‘राहू द्या’ अशी खूण करतात. मी राहू देतो. विज्ञानाचं प्रॅक्टिकल उरलं, राहू देतो. गॅदरिंगचा नाच बसला नाही, राहू देतो. गेली सव्वीस वर्षं माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत मी ड्रॉइंगचा तास राहू देण्याचं काम करतो आहे.

त्या बदल्यात शाळेने काही कामं कायमची माझ्या नावावर लावून दिली आहेत. फळ्यावरचा सुविचार, प्रशस्तिपत्रकांवरची नावं, निवृत्त होणाऱ्यांच्या मानपत्राची महिरप, पाहुणे आले की रांगोळी आणि तिच्यावर ‘सुस्वागतम्’. संस्कृतच्या बाई मला दरवर्षी सांगतात, ‘अहो सर, स्वागतात सु आहेच, आणखी एक कशाला?’ एकदा त्यांचं ऐकून नुसतं ‘स्वागतम्’ लिहिलं. संस्थेचे अध्यक्ष दारातच थबकले. म्हणाले, ‘सर, पाव्हण्यांचं स्वागत कमी का केलं?’ तेव्हापासून मी व्याकरणाच्या भानगडीत पडत नाही.

ही सगळी कामं मी आनंदाने करतो. सुविचार दुसऱ्या दिवशी पुसला जातो, रांगोळी पायाखाली जाते, मानपत्र निवृत्त माणसाच्या माळ्यावर जातं. मला धडकी भरते ती फक्त वार्षिकांकाच्या मुखपृष्ठाची. ते सहाशे घरांत जातं, आणि त्यातली चूक टीव्हीखालच्या फळीवर पडून राहून वर्षानुवर्षं आपल्याकडे बघत बसते.

मराठी शाळांच्या वार्षिकांकांची नावं मोजकी असतात. अंकुर, क्षितिज, भरारी, स्पंदन, प्रेरणा, झेप. आमचा अंक ‘झेप’. पलीकडच्या गावच्या शाळेचा ‘गरुडझेप’. म्हणजे त्यांच्याकडे आमच्यापेक्षा एक पक्षी जास्त आहे, आणि ही गोष्ट आमच्या अध्यक्षांना फार लागते.

हकीकत सांगायची आहे ती २०२३-२४ च्या अंकाची. जानेवारीत संपादन समितीची सभा बसली. नऊ जणांची समिती. शिवाय विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून दहावीतला एक मुलगा होता. त्याला चहा सांगायला पाठवलं आणि सभा सुरू झाली.

हेडसर म्हणाले, ‘मुखपृष्ठ विद्यार्थ्यांना डोळ्यापुढे ठेवून करायचं आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रत्येकाने आपापल्या डोळ्यापुढे जे होतं ते सांगायला सुरुवात केली.

संस्कृतच्या बाईंना सरस्वती हवी होती. मराठीच्या बाईंना सरस्वतीचा मोर हवा होता, पण स्वतंत्र आणि पिसारा फुलवलेला. विज्ञानाच्या सरांना चांद्रयान. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा आम्ही सगळी शाळा हॉलमध्ये प्रोजेक्टरपुढे बसवली होती. अगदी शेवटच्या मिनिटाला वीज गेली आणि लँडर उतरल्याची बातमी आम्हाला शिपाईमामांच्या मोबाइलवरून कळली. सरांच्या मनात ते शल्य होतं. निदान मुखपृष्ठावर तरी तो आपल्या डोळ्यादेखत उतरावा, एवढीच त्यांची मागणी. भूगोलाच्या सरांना पृथ्वीचा गोल, भारत समोर येईल असा फिरवलेला. पीटीच्या सरांना धावणारा मुलगा. ‘पण सर, तो उजवीकडे पळू द्या. डावीकडे पळाला तर शाळेतून पळून चालल्यासारखा दिसतो.’ सव्वीस वर्षांत मला चित्ररचनेबद्दल कुणी दिलेला हा एकमेव योग्य सल्ला. क्लार्कभाऊसाहेबांना चित्रात रस नव्हता. त्यांना फक्त शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक मुखपृष्ठावर ठळक हवा होता. उद्या अंक हरवला तर कुठल्या शाळेचा ते कळायला नको?

कुणीतरी ती चौकोनी काळी टोपीही सुचवली, गोंडा लोंबणारी. ही टोपी दरवर्षी सुचवली जाते. आमच्या शाळेच्या इतिहासात ती आजवर कुणाच्याही डोक्यावर चढलेली नाही. इथला पोरगा शिकून कितीही मोठा झाला तरी त्याला टोपी घातली जाते ती गावच्या सत्कारात, पांढरी, आणि वर नारळ.

शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. संस्थापकांचा फोटो आणि पेन्सिल. ‘पेन्सिल उभी पाहिजे सर. आडवी नको, तिरकी नको. शिक्षण कसं ताठ पाहिजे.’

मी वहीत मोजलं. सतरा वस्तू झाल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वार्षिकांकाचं मुखपृष्ठ हा लग्नपत्रिकेचाच एक प्रकार आहे. पत्रिकेत जसं निमंत्रकांमध्ये एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर तो मांडवात येत नाही आणि आला तरी जेवत नाही, तसंच हे. लग्न कुणाचं आहे ते पत्रिकेत कुठेतरी असतं, शोधावं लागतं.

चहा घेऊन विद्यार्थी प्रतिनिधी आला तेव्हा सभा संपली होती.

*

चित्र लोकांना दाखवायचं असतं, हा धडा मला स्वतःला आठवीत मिळाला. तेव्हा आमच्या शाळेत छापील अंक नव्हता, हस्तलिखित निघायचं. एकच प्रत. सुवाच्य अक्षराची पोरं मजकूर लिहायची आणि बाकीची समास आखायची. सजावटीला भेंडीचे ठसे आणि टूथब्रशचा फवारा. पिंपळाचं पान कागदावर ठेवायचं, ब्रश शाईत बुडवून बोटाने त्याचे केस मागे ओढायचे आणि सोडायचे. मग पान उचललं की पानाची पांढरी छाया उरते. शर्टावर उरत नाही, तिथे नुसती शाई उरते. रघुवीर मुळगावकर स्प्रेने चित्रं रंगवतात असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मला वाटायचं, त्यांच्याकडे खूप टूथब्रश असतील.

मुखपृष्ठ काढायला सरांनी मला सांगितलं. आमच्या घरी एका मामाच्या ट्रंकेत जुन्या दिवाळी अंकांची चळत होती. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. मुखपृष्ठ म्हणजे दलाल किंवा मुळगावकर, असं मानणारी आमच्या मामाची पिढी. त्यातली एक दलालांची घागर घेतलेली बाई मला फार आवडली. मी ती आठ दिवस बसून जशीच्या तशी उतरवली. दलालांच्या बाईला रेषेचा डौल होता, माझ्या बाईला फक्त धीटपणा आला. हेडमास्तरांनी अंक हातात घेतला, बराच वेळ पाहिला, जरा जास्तच वेळ पाहिला, आणि मग खिशातलं शाईपेन काढून बाईच्या दोन्ही खांद्यांवरून घोट्यापर्यंत पदर काढला. निळ्याभोर शाईचा. बाई पावसाळ्यात पोतं पांघरून निघालेल्या मेंढपाळासारखी दिसू लागली. अंकाचं प्रकाशन झालं, पाहुण्यांनी ‘ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण’ म्हणून तिचं कौतुक केलं.

मला राग आला नव्हता. मुखपृष्ठ काढणारा आणि मुखपृष्ठ पास करणारा ही दोन वेगळी माणसं असतात, एवढंच कळलं.

*

तर यंदा (म्हणजे त्या वर्षी) मी ठरवलं की आपण एकदा खरंच पोरांना विचारून बघू. आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. ‘मुखपृष्ठावर काय हवं? नाव लिहू नका.’ नाव लिहू नका म्हटल्याबरोबर वर्गात एक गंभीर शांतता पसरली. अशी शांतता मी प्रतिज्ञेलाही ऐकलेली नाही.

अकरा जणांना विराट कोहली हवा होता. चौघांना बुलेट. बाकीच्यांनी जे लिहिलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. ‘सहलीची एसटी, पण जातानाची. येतानाची नको.’ ‘मधल्या सुट्टीची घंटा.’ आमची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ‘खिचडी, पण ज्या दिवशी गोड असतं त्या दिवशीची.’ ‘हेडसरांची गाडी पंक्चर.’ ‘शाळा, पण कुलूप लावलेली.’ आणि एका चिठ्ठीवर, ‘कायबी छापा. माझं नाव आत हाय का तेवढं सांगा.’

मी खूश झालो. असल्या डोक्यांतून काय एकेक चित्र येईल! दुसऱ्या दिवशी कागद वाटले आणि म्हटलं, ‘काढा.’

बत्तीस कागद परत आले. बत्तीसच्या बत्तीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर होते, मधून उगवता सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या तळाशी सांडणारी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड आणि आभाळात आडव्या पडलेल्या तीनाच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या तालुक्यात नारळ मिळतो तो देवळापुढच्या दुकानात, आणि माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूची असते. काल चिठ्ठीवर हेडसरांची गाडी पंक्चर करणाऱ्या पोराने आज नदीत होडी सोडली होती. त्याला दोन शिडं होती.

दोष पोरांना देऊन उपयोग नव्हता. हे डोंगर त्यांना पाचवीत मीच शिकवले. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, त्यामुळे कागद समोर आला की पोरं आता जे दिसतं ते काढत नाहीत, जे पास होतं ते काढतात. दलालांची बाई गेली, पदर राहिला.

एकच कागद वेगळा होता आणि तो माझ्या वर्गातला नव्हताच. सातवी ब मधल्या एका पोरीने बहिणीच्या हाती पाठवला होता. आमच्या शाळेतला नळ. वर ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी (अक्षर माझं), नळाला पाण्याचा थेंब नाही आणि खाली गार फरशीवर कुत्रं झोपलेलं. कुत्र्याचं पोट तिने इतकं बरोबर काढलं होतं की त्याचा श्वास चालू आहे असं वाटावं. मी ते चित्र घेऊन धावतच ऑफिसात गेलो.

हेडसरांनी चष्मा लावला, काढला. म्हणाले, ‘सर, छानच आहे. पण तपासणीला साहेब येतात.’

‘सर, नळ खराच आहे.’

‘म्हणून तर.’

ते चित्र आत त्रेचाळिसाव्या पानावर गेलं. कृष्णधवल, काडेपेटीएवढं.

मग कॉम्प्युटरचे सर पुढे झाले. म्हणाले, ‘सर, कशाला हात खराब करता? एआयला सांगू.’ मोबाइलमध्ये त्यांनी इंग्रजीत दोन ओळी टाकल्या आणि चहा निवायच्या आत मुखपृष्ठ हजर. त्यात ब्लेझर-टायमधला गोरापान मुलगा पुस्तक वाचत होता, मागे सिमल्यासारखी शाळा, तिच्यामागे बर्फाचे डोंगर आणि काठोकाठ निळी नदी. अध्यक्षांना ते दाखवलं. ते नदीकडेच बघत राहिले. ‘पाणी लै भारी दिसतंय,’ ते म्हणाले. टेंभूच्या योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून आमच्याकडे आणलं, पण इतकं काही आलेलं नाही.

चित्र जवळजवळ पास झालं होतं. गणिताच्या सरांनी सवयीने मुलाची बोटं मोजली. अकरा भरली. सर म्हणाले, ‘या पोराला दशमान पद्धत शिकवता येणार नाही.’ शाळेच्या पाटीवरची अक्षरं लांबून देवनागरी वाटत होती, जवळ गेलं की वाचता येत नव्हती. इतिहासाच्या सरांचं मत पडलं की मोडी असावी. दहा मिनिटं प्रयत्न करून त्यांनी मत मागे घेतलं.

*

शेवटी मीच बसलो. रात्री जागून सतराच्या सतरा वस्तू एका पानात कोंबल्या. सरस्वतीच्या बाबतीत मात्र मी मनापासून मेहनत घेतली. औंध आमच्यापासून फार लांब नाही; एके काळी आमचा आटपाडी तालुकाच औंध संस्थानात होता. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः चित्रं काढली आणि १९३८ मध्ये औंधाच्या टेकडीवर संग्रहालय उभं केलं, तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. मी दरवर्षी पोरांना नेतो. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता घरोघरी पोचवल्या. तेव्हापासून आपल्या सगळ्या शाळांच्या सरस्वत्या एकमेकींच्या मावसबहिणी आहेत. माझीही त्यांच्यातलीच, फक्त गळ्याला जरा कमी दागिने. छपाईचा खर्च बघून.

चित्र तयार झालं आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली.

हेडसर घामाघूम होऊन आले. अनुदानित शाळा, सरकारी पगार. ‘सर, ते मुखपृष्ठ काढा बघू.’ स्टाफरूमच्या टेबलावर चित्र पसरलं आणि नागरिकशास्त्राच्या बाईंनी तपासणी सुरू केली. सरस्वती कशावर बसली आहे? कमळावर. उठवा. रोपटं कुणी धरलंय? दोन हातांनी. हात काढा, रोपटं जमिनीत लावा. कोपऱ्यात ज्ञानाची मशाल. विझवा. वेळेचं महत्त्व सांगणारं घड्याळ आधीपासूनच अवघड होतं. फेब्रुवारीत ते नक्की कुणाचं याचा निकाल लागला होता, तरी स्टाफरूममध्ये लागला नव्हता. गॅदरिंगच्या स्वागताचा प्रसंग म्हणून मी तुतारीवाला काढला होता, तो नेमका त्याच महिन्यात एका पक्षाला मिळाला. विज्ञान प्रदर्शनातलं वाफेचं इंजिन गेलं. रामाच्या वेशातला सहावीचा मुलगा राहिला, पण धनुष्याविना. तो आता नुसताच हात ताणून उभा होता, एसटीला हात केल्यासारखा.

‘उगवता सूर्य?’ मी विचारलं.

‘तो तमिळनाडूत आहे. इथे चालेल,’ बाई म्हणाल्या.

रंगांचंही तेच. भगवा घेतला तर एकांना वाटेल, हिरवा घेतला तर दुसऱ्यांना, निळा घेतला तर तिसऱ्यांना. चित्रकलेच्या डिप्लोमात आम्हाला उष्ण रंग आणि शीत रंग शिकवले होते. पक्ष शिकवले नव्हते. बरीच चर्चा होऊन निळा ठरला, कारण आभाळ निळं असतं आणि आभाळ कुठल्याच पक्षाचं नाही.

‘आणि पेन्सिल?’ अध्यक्षांनी धास्तावून विचारलं. बाईंनी मोबाइलवर मुक्त चिन्हांची यादी काढली. पेन्सिलची डबी होती. शार्पनर होतं.

‘मग डबीतनं काढून नुसती घ्या,’ अध्यक्ष म्हणाले.

अशा रीतीने सतरा वस्तूंच्या गर्दीतून शेवटी निष्कलंक उरली ती पेन्सिल. सरस्वतीला मी कमळावरून उठवून सपाट दगडावर बसवलं. आमच्याकडे दगडांना तोटा नाही. आता पानावर भरपूर जागा झाली होती, म्हणून पेन्सिल मोठी करायचं ठरलं. पानाच्या बरोबर मध्ये, खालपासून वरपर्यंत, उभी.

*

छपाई सांगलीला. प्रेसमध्ये मालकाला कुणी भीत नाही, कोरल चालवणाऱ्या पोराला भितात. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘शाळा’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात मोर, घुबड, पृथ्वी, टोपी, गणपती, सगळं तयार. जिल्ह्यातल्या अर्ध्या शाळा त्या एका फोल्डरात शिकतात. दोन शाळांना एकच चित्र गेलं तर भांडण नको म्हणून तो दुसऱ्या शाळेला तेच चित्र आरशासारखं उलटं करून देतो. आमच्या आतल्या पानावरचा गणपती त्याने असाच उलटा केला होता. पहिल्या प्रूफमध्ये संस्कृतच्या बाईंचं लक्ष गेलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. उजव्या सोंडेचा! ‘याचं सोवळं फार कडक असतं. सहाशे घरांत कोण पाळणार?’ पीटीच्या सरांनी प्रूफ डब्यापासून लांब ठेवलं. त्या दिवशी त्यांच्याकडे सुकट होती. दुसऱ्या प्रूफमध्ये सोंड डावीकडे आली.

दुसऱ्या प्रूफमध्ये आणखी एक गोष्ट झाली. माझ्याकडची फाइल एका फॉण्टात, प्रेसकडे दुसरा. ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी एक घर सरकून पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. विद्यार्थी कुठल्याच अंगाने विद्यार्थी दिसेना. मराठीच्या बाईंनी ती दुरुस्त केली आणि त्याच झपाट्यात शासनाचा २००९ चा निर्णय पर्समधून काढून ‘विद्यालया’तला ल पाकळीचा करून घेतला. देठाचा श कुठे मिळतो का हेही त्यांनी पाहिलं. मिळाला नाही, तेव्हा जरा हिरमुसल्या.

तिसऱ्या प्रूफमध्ये आमचं निःपक्षपाती आभाळ जांभळं आलं. पोराने सांगितलं, ‘सर, स्क्रीनवर निळं दिसतं त्याला काय अर्थ नाही. छपाईत निळा असा रंगच नसतो, सायन असतो. त्यात गुलाबी जास्त पडला की जांभळं होतं.’ मी सव्वीस वर्षं रंग शिकवतो आहे हे त्याला सांगितलं नाही. चौथ्या प्रूफला गुलाबी कमी केला. पाचव्या प्रूफला पोराने आपल्या मनाने एक सुधारणा केली. पेन्सिलचं टोक अंकाच्या नावाला भिडून नाव घाण दिसत होतं, म्हणून त्याने दोन अक्षरं थोडी फाकवली आणि पेन्सिल मधून आरपार वर नेली. टोक थेट शिरोरेषेला टेकवलं. पेन्सिल पिवळी, नावही पिवळं. मला ती रचना फार आवडली. सुटसुटीत, ताठ.

पाचव्या प्रूफवर नऊ जणांनी ‘तपासले’ लिहून सह्या केल्या. प्रत्येकाने मनापासून तपासलं होतं. क्लार्कभाऊसाहेबांनी यूडायसचे अकराही अंक दोनदा वाचले. विज्ञानाच्या सरांनी लँडरचे पाय मोजले, चार भरले. अध्यक्षांनी पेन्सिल ओळंब्यात आहे का ते कागद लांब धरून, एक डोळा मिटून पाहिलं. अंकाचं नाव कुणी वाचलं नाही. नाव पाठच होतं.

अडीचशे जीएसएमचं आर्ट कार्ड, वर चकचकीत लॅमिनेशन, प्रती सहाशे.

*

एक मेला सकाळी झेंडावंदन, मग निकाल आणि निकालाबरोबर अंक. अध्यक्षांच्या हस्ते प्रकाशन. रंगीत कागद फाडला, रिबन सोडली, अंक छातीशी धरला आणि अध्यक्ष माइकवर म्हणाले, ‘विद्यार्थिमित्रांनो, ही आपली झेप आता घराघरात जाणार आहे!’

पहिल्या रांगेत सातवी ब बसली होती. तिथे कुजबुज झाली. मग एक बारीक आवाज आला, अगदी शंका विचारावी तसा.

‘सर, झोप?’

मी मंचाच्या कडेला उभा होतो. अध्यक्षांच्या छातीवरचा अंक मी पहिल्यांदाच लांबून पाहिला. झ, त्याच्यावर मात्रा, तिच्या पुढ्यात शिरोरेषेपासून खाली उतरलेली पिवळीधमक उभी पेन्सिल, आणि मग प. शिक्षण ताठ होतं. काना म्हणून तर फारच ताठ.

खाली सहाशे पोरं होती. ज्या शब्दावरून नऊ मोठ्या माणसांची नजर फिरली होती, तो वाचायला त्यांना तेवढा एक क्षण पुरला. हसू पहिल्या रांगेतून मागे सरकत गेलं आणि लिंबाखाली बसलेल्या दहावीपर्यंत पोचलं तेव्हा त्याच्या टाळ्या झाल्या. अध्यक्षांना वाटलं भाषण आवडलं. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. ‘घराघरात!’ हेडसरांनी अंक उलटा धरला. संस्कृतच्या बाई खाली मान घालून हलत होत्या. मला आधी वाटलं रडतायत.

दुपारी स्टिकर छापायचा बेत झाला. शिपाईमामा वर्गावर्गांत जाऊन अंक परत मागू लागले, पण तोवर वर्ग रिकामे झाले होते. निकालाच्या दिवशी पोरं एरवी रेंगाळतात. त्या दिवशी अंक दप्तरात घालून जी पळाली ती उजवीकडे-डावीकडे सगळीकडे पळाली.

दरवर्षी शे-दीडशे अंक उरतात. ते स्टोअररूममध्ये जातात, जूनमध्ये त्यांच्या मुखपृष्ठाचं कार्ड नववीच्या जर्नलला कव्हर म्हणून लागतं आणि आतला मजकूर उंदीर वाचतात. त्या वर्षी एकही उरला नाही. शाळा सोडून गेलेली पोरं पुण्याहून फोन करून मागत होती. ‘गरुडझेप’वाल्या शाळेच्या ड्रॉइंगसरांनी माझ्याकडे एक प्रत मागितली. मी दिली नाही.

जूनच्या पहिल्या सभेत ठराव झाला की यापुढे मुखपृष्ठावर पेन्सिल घेऊ नये. तो एकमताने मंजूर झाला. विद्यार्थी प्रतिनिधी चहा सांगायला गेला होता.

आता पुन्हा जानेवारी आहे. अध्यक्षांनी या खेपेला एकच गोष्ट सुचवली आहे, संस्थापकांचा फोटो. छातीपर्यंतचा नको, पूर्णाकृती. काठी टेकून उभे आहेत तो, फेट्यासकट. झ आणि प यांच्या मधली जागा मी काल फुटपट्टीने मोजून पाहिली. संस्थापक तिच्यात बरोबर बसतात.